छाट

शेडच्या फरशीत माग रोवल्याची भोकं अजून आहेत,
चार-चारच्या जोडीनं.
आप्पा जॉबर होते इथंच.
माग किलोच्या भावानं गेले. त्या जागी आता
एक काटा, एक सरकता पट्टा,
पट्ट्यावर डोळा लावून बसलेला कॅमेरा
आणि मोबाईल चार्जिंगला लावून मी.

काटा वजन बोलून दाखवतो.
आधी त्याला तेलुगू येत नव्हतं.
एका रविवारी पंखा बंद करून आईला समोर बसवलं,
आकडे म्हणवून घेतले, सुन्नापासून.
जन्मभर पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधलेली बाई,
दर पंचविसाला थांबायची,
दोरा गुंडाळल्यासारखी.
तो थांबा मी पुसला नाही.
पंचवीस किलोवर काटा अजून क्षणभर अडखळतो.

नरसम्मा बिंगी नऊला येते,
तोवर ऊन पत्र्यावर चढलेलं असतं.
झोळीत झबला-पिशव्या, टॉवेलच्या गठ्ठ्यांचे पापुद्रे,
फुटका टब, शेंगाचटणीची रिकामी पाकिटं.
तीही विड्याच वळायची.
बोटं वाकडी झाली तसं कारखान्यानं कार्ड परत घेतलं.

कॅमेरा बघतो आणि अंदाज सांगतो:
पीपी, एकसष्ट टक्के.
ती पिशवी कानाशी नेते, चुरगाळते.
"कडकड बोलली तर ती तुझी पीपी.
ही गप हाय. दुधाच्या पिशवीची बहीण."
मी बटण दाबतो: दुरुस्त.
कधी कोपरा जाळून हुंगते,
"मेणबत्ती," म्हणते, किंवा नुसती थुंकते.
थुंकीसाठी बटण नाही,
मी 'पीव्हीसी' लिहितो.
असं अकरा हजार वेळा.
आता कॅमेरा शंभरातल्या ब्याण्णवदा बरोबर असतो
आणि पुण्याहून माणसं येऊन
त्याचे फोटो काढतात. कॅमेऱ्याचे.

चटणीचं पाकीट मात्र त्याला जमत नाही.
आत चांदी, बाहेर चित्र, मधे काय की.
पडद्यावर लाल अक्षरं: नाकारले.
"छाट काढायलाय बघ तुझा चेकर,"
नरसम्मा हसली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं
की तिला खालचे दात नाहीत.
"आमच्या हजारातल्या शंभर काढायचा.
पैसे नऊशेचे.
छाटेतल्या काय फेकून देत होते का रे?
त्याबी कुणीतरी ओढल्याच की."

त्या रात्री मी नवा रकाना केला: चटणी.
चाळीस फोटो टाकले, भाव रिकामा ठेवला.
नवव्या दिवशी चिंचोळीच्या एका शेडवाल्याचा मेसेज आला,
दाबून फळ्या करतो म्हणाला,
दोन रुपये किलो. वर एक अंगठा.

महिनाअखेर.
हिशेब तिच्या फोनवर गेला, वाचता येत नाही
म्हणून कानाशी धरला.
नालुगु वंदल पन्नेंडु.
तीनदा ऐकलं.
"चारशे बारा? एका महिन्याचं?"
बाळीवेशीतल्या दुकानात कधी तीनशेच्या वर गेलं नव्हतं.
ओल म्हणून कापायचे, माती म्हणून कापायचे,
काहीच नसलं तर
काट्याची सवय म्हणून.

ती खांबाला पाठ लावून खाली बसली,
बरोबर चार भोकांच्या मधे.
पट्टा रिकामाच फिरत राहिला.
मग म्हणाली,
"ह्याला मागं जाता येतंय का?
एकोणीस वर्षं?"

येतंय. तारखेच्या खान्यात बोट सरकवलं की येतंय.
मी सरकवलं. गेल्या वर्षीचा श्रावण,
त्याच्या आधीचा गड्डा,
आणखी मागं, महिना महिना,
आणि बोलायचं बटण चालूच राहिलेलं,
आईच्या आवाजात,
सुन्ना.
सुन्ना.
सुन्ना.

कितवा महिना होता आठवत नाही.
"बंद कर रा," नरसम्मा म्हणाली,
"तुझ्या आईला दम लागंल."